अडीच इंची, दीड इंची की होज रील? आगीच्या होजची मापे कशी बदलत गेली आणि सोलापुरातल्या कारखान्यांनी काय लावावे

पूर्वभागकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी.

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी काम करतो आणि तिथल्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचे प्राण गेले. तेव्हापासून आमच्या भागात भिंतीवरच्या लाल पेट्या उघडून पाहिल्या जाऊ लागल्या आहेत. बहुतेक पेट्यांत ६३ मिलिमीटरची, म्हणजे आपण अडीच इंची म्हणतो ती, १५ मीटरची होज आणि एक ब्रांच पाइप, म्हणजे होजच्या टोकाला लावायची धातूची नोझलवाली नळी, असतो. ही होज पाण्याने भरल्यावर आमच्यातला कोणी एकटा धरू शकेल का, आणि धरू शकणार नसेल तर तेच माप सगळीकडे का लावलेले आहे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून मी या मापांच्या इतिहासात शिरलो. जे हाती लागले ते इथे मांडतो. जाणकारांनी त्यात भर घालावी.

आगीवर पाणी नेणाऱ्या नळीची सुरुवात ॲमस्टरडॅममध्ये झाली. यान व्हॅन डर हेडन हा चित्रकार आणि त्याचा भाऊ निकोलास यांनी १६७० च्या दशकाच्या आरंभी चामड्याची शिवलेली नळी पंपाला जोडली. त्याआधीचे पंप रस्त्यावर उभे राहून टाकीवरच बसवलेल्या तोटीतून लांबून पाणी फेकत, आणि त्यातले बरेचसे पाणी भिंतीवर किंवा छपरावर पडून वाया जात असे. नळी आल्यावर पंप पाण्यापाशी राहिला आणि पाणी घराच्या आत, थेट जळत्या वस्तूपर्यंत जाऊ लागले. मला वाटते की या कामातली सर्वांत मोठी उडी हीच होती. पुढच्या साडेतीनशे वर्षांत जे बदलले ते नळीचे कापड, तिचा जोड आणि तिचा व्यास. हेडनची नळी पन्नास फुटांच्या तुकड्यांची होती व तिच्या टोकांना पितळी जोड होते. आपल्या पेटीतली १५ मीटरची होज त्या पन्नास फुटांच्या अगदी जवळ आहे, हे पाहून मला आश्चर्य वाटले.

शिवलेल्या चामड्याची अडचण अशी होती की दाब वाढला की शिवण उसवत असे. १८०७-०८ च्या सुमारास फिलाडेल्फियात शिवणीऐवजी तांब्याचे रिव्हेट ठोकून नळी बांधण्याची पद्धत निघाली. अशी नळी दाब सोसत असे, परंतु ती अतिशय जड असे आणि कातडे तडकू नये म्हणून तिला सतत तेल चोळावे लागे. हाताने दांडे हलवून चालवायच्या पंपाला तिचे काम पुरेसे होते. वाफेचे पंप आल्यावर दाब वाढला आणि अखंड विणलेल्या कापडाच्या, आतून रबर लावलेल्या नळ्यांनी चामड्याची जागा घेतली. अमेरिकेतील ॲक्रन येथे १८७० मध्ये सुरू झालेल्या बी. एफ. गुडरिच यांच्या कारखान्याच्या सुरुवातीच्या मालात आगीची होज होती.

इथपर्यंतचा प्रवास मला समजला. मला पुढचे तीन प्रश्न पडले आहेत. अडीच इंच हेच माप इतके घट्ट का रुजले? दीड इंची होज नंतर कशासाठी आली? आणि पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या शहरात कारखानदाराने नेमके काय लावावे?

निवृत्त_फायरमन

चांगला विषय काढलात. मी अग्निशमन दलात नोकरी केली आहे, त्यामुळे पुस्तकातल्यापेक्षा हातातली माहिती देतो.

आमच्या सुरुवातीच्या काळात कॅनव्हासची, म्हणजे जवसाच्या धाग्याची बिनरबरी होज वापरात होती. पाणी सोडल्यावर ती आधी सगळीकडून पाझरते, मग धागे फुगून वीण घट्ट होते आणि पाझर बराच कमी होतो. वजनाला ती हलकी होती, पण आग विझवून परतल्यावर तिचे खरे काम सुरू होई. धुऊन, टांगून, पूर्ण वाळवल्याशिवाय ती गुंडाळून ठेवली तर बुरशी धरून कुजत असे, आणि म्हणून जुन्या फायर स्टेशनांत होज वाळवण्यासाठी उंच मनोरे बांधलेले दिसतात. आता आपण जिला आरआरएल (रीइन्फोर्स्ड रबर लाइन्ड) होज म्हणतो तिचे बाहेरचे विणकाम कृत्रिम धाग्याचे असते आणि आत रबराचे अस्तर असते. भारतीय मानक आयएस ६३६ हे याच न पाझरणाऱ्या होजसाठी आहे. अस्तर गुळगुळीत असल्याने त्याच व्यासातून पाणी कमी अडथळ्याने जाते, हा लाभ वाळवण्याच्या कटकटीपासून सुटका होण्याइतकाच मोठा आहे.

पाझरणारी होज मात्र पूर्णपणे बाद झाली असे समजू नका. आयएस ८४२३ हे मुद्दाम थोडीशी पाझरणाऱ्या होजचे मानक आहे. निखाऱ्यांवरून किंवा तापलेल्या फरशीवरून होज ओढावी लागते तेव्हा तिचे ओले अंग तिला जळण्यापासून वाचवते.

आता वजनाचे सांगतो. ६३ ची १५ मीटर होज भरली की तिच्यात सुमारे ४७ लिटर पाणी असते, म्हणजे तेवढेच किलो. ३८ च्या, म्हणजे दीड इंचीच्या, तेवढ्याच लांबीत १७ लिटर असते. वजनापेक्षा कठीण गोष्ट म्हणजे ब्रांचचा धक्का. पाणी पुढे सुटते तेव्हा ब्रांच धरणाऱ्याला मागे रेटते. २० मिलिमीटरच्या नोझलला ५ बार (बार हे दाबाचे एकक) दाब असेल तर हा रेटा सुमारे ३२ किलो भरतो, आणि तो क्षणभराचा नसून पाणी चालू असेपर्यंतचा असतो. म्हणून आमच्याकडे ६३ च्या लाइनवर ब्रांचमनच्या मागे दुसरा माणूस असतोच. सराव नसलेल्या कामगाराच्या हातून ही ब्रांच सुटली तर धातूचे ते टोक वेडेवाकडे फिरून माणसाला गंभीर इजा करू शकते. ही होज एकटा धरू शकेल का, या धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की नाही, एकट्याने ती धरू नये.

जलगती

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्रवगतिकी शिकवतो. अडीच इंच का रुजले याचे उत्तर घर्षणात आहे, म्हणून थोडे गणित मांडतो.

होजमधून पाणी वाहताना भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे दाब खर्च होतो. हा खर्च प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे व्यासातला छोटासा फरक फार मोठा परिणाम करतो. ६३ आणि ३८ यांच्या छेदाच्या क्षेत्रफळात पावणेतीन पटींचा फरक आहे, परंतु तेवढेच पाणी न्यायचे तर ३८ मध्ये घर्षणाने जाणारा दाब सुमारे साडेबारा पट होतो. मिनिटाला ६०० लिटर पाणी ३० मीटर लांब न्यायचे असेल, तर ६३ च्या होजमध्ये साधारण अर्धा बार दाब खर्च होतो आणि ३८ मध्ये सहा बार. बहुतेक कारखान्यांच्या पंपांकडे एवढा दाब उधळायला नसतोच.

वाफेच्या पंपांच्या आणि नंतर मोटारपंपांच्या काळात शहरांतल्या आगी मोठ्या होत्या, पाणी नळातून भरपूर मिळत होते आणि माणसेही पुरेशी होती. त्या परिस्थितीत जेवढे पाणी हवे तेवढे नेणारी आणि तरीही दोन-तीन माणसांना हलवता येणारी होज म्हणजे अडीच इंची. त्याहून मोठी केली तर हातात धरता येत नाही, लहान केली तर दूरवर पाणी पोचत नाही. माप असे दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन ठरले आहे.

सूतव्यापारी

सर, मग सरळ प्रश्न विचारतो. माझे गोदाम लहान आहे आणि रात्री दोनच माणसे असतात. मी ६३ काढून सगळीकडे ३८ लावली तर चालेल का?

निवृत्त_फायरमन

कृपया तसे करू नका. परवान्याच्या अटीनुसार जे लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपावरचे होज जोडायचे नळ, बसवलेले आहेत ते ६३ चेच राहू द्या. त्यांच्यावर तुमच्याइतकीच आमच्या दलाचीही भिस्त असते, कारण बंब आला की आमची होज तुमच्या व्हॉल्व्हला जोडली जाते. ३८ ची सोय त्यांच्या जोडीला करा, त्यांच्या जागी नको. जोड एक नसले की काय होते, यावर इतिहास जाणणाऱ्या कोणी लिहिले तर बरे होईल.

दप्तरखाना

काकांनी विषय योग्य ठिकाणी आणला आहे. व्यासाइतकाच जोडाचा इतिहासही महत्त्वाचा आहे, आणि तो माणसांनी फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे.

फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला लागलेली आग सुमारे तीस तास चालली आणि पंधराशेहून अधिक इमारती नष्ट झाल्या. वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून बंब मदतीला धावले, पण त्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या आगीसाठीच्या नळाला, बसेनात. होजचा व्यास जवळपास सारखाच असूनही आट्यांची संख्या आणि बाहेरचा घेर वेगळा होता. नंतरच्या पाहणीत देशभरात जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार आढळले. १९०५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने अडीच इंची जोडासाठी एकच प्रमाण आटा ठरवला.

इंग्लंडमध्ये हा धडा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी दिला. गावोगावची दले वेगवेगळे जोड वापरत होती आणि एका गावचा पंप दुसऱ्या गावात गेला की अडत असे. ऑगस्ट १९४१ मध्ये सगळी दले एका राष्ट्रीय सेवेत आणली गेली आणि अडीच इंची इन्स्टंटेनियस कपलिंग, म्हणजे आटे न फिरवता दाबून बसवायचा नर-मादी जोड, सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडच्या लाल पेटीतला जोड त्याच घराण्यातला आहे. तिथे पुढे ४५ आणि ७० मिलिमीटर अशा दोन व्यासांच्या होज प्रचारात आल्या, पण दोन्हींच्या टोकाला तोच अडीच इंची जोड ठेवला गेला. लहान होज मोठ्या होजला मध्ये काहीही न लावता जोडता येते, ही त्या निर्णयातली दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे श्टोर्त्स पद्धतीच्या जोडाला नर-मादी असा भेदच नाही, दोन्ही टोके सारखीच असतात, आणि मापांना अक्षरे आहेत: ११० मिलिमीटरची ए, ७५ ची बी, ५२ ची आणि नंतर ४२ चीही सी, २५ ची डी. प्रत्येक अक्षराचे काम ठरलेले आहे. पाणी दुरून आणायला मोठी नळी लागते आणि आगीसमोर उभे राहायला लहान, ही वाटणी तिथे मापांच्या नावांतच बसली आहे.

अक्कलकोटरोड_सेफ्टी

दप्तरखाना, ही वाटणी आमच्या सूतगिरणीतल्या लोकांना समजावताना मला नेहमी उपयोगी पडते. मी सेफ्टी ऑफिसर आहे आणि आमच्याकडे शिवणकाम व पॅकिंगमध्ये बहुतेक महिला काम करतात. त्यांना मी ६३ च्या होजला हातही लावू देत नाही. त्यांच्यासाठी भिंतीवर होज रील आहे: सुमारे १९-२० मिलिमीटरची रबरी नळी, ३० मीटरच्या आसपास लांब, चाकावर गुंडाळलेली. तिचा गुण असा की ती पूर्ण उलगडावी लागत नाही. व्हॉल्व्ह उघडला की गुंडाळलेल्या अवस्थेतही पाणी येते, कारण नळी चपटी होत नाही. कापडी होज पूर्ण पसरल्याशिवाय पाणी सोडले तर ती पेटीतच अडकते आणि वळ्या बसतात. होज रील भरली तरी तिच्यात आठ-नऊ लिटरच पाणी असते, त्यामुळे एक बाई तिला सहज ओढते.

परंतु तिची मर्यादाही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. तिच्यातून मिनिटाला साधारण पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी येते. एका मशीनखाली साठलेल्या फज्जीला, म्हणजे कापसाच्या बारीक तंतूंना, लागलेली आग तेवढ्याने विझते. छतापर्यंत ज्वाळा गेल्या असतील तर रील टाकून बाहेर पडायचे, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे.

जलगती

ताईंनी सांगितलेल्या लहान व्यासामागे एक महत्त्वाचा विचारप्रवाह आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या अग्निशमन प्रशालेचे प्रमुख असलेले लॉइड लेमन यांनी बारीक थेंबांच्या फवाऱ्याचा पुरस्कार केला. एक किलो २० अंशांचे पाणी पूर्ण वाफ होताना सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता शोषते, आणि त्यातला बहुतांश वाटा वाफ होण्याचाच असतो. जाड धारेतले बरेच पाणी वाफ न होताच जमिनीवरून वाहून जाते. थेंब बारीक केले तर तेच पाणी अधिक उष्णता नेते. म्हणून बंद खोलीतल्या आगीला कमी पाणी आणि लहान होज पुरेशी ठरू लागली आणि इमारतीत शिरून आग विझवण्यासाठी दीड इंची होजचा सर्वदूर प्रसार झाला. त्यातूनच बंबावर उच्च दाबाची रील आली, जी पंपाच्या २० ते ३५ बार दाबावर मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास पाणी फवाऱ्याने देते.

नंतर घरांत आणि कार्यालयांत फोम, प्लॅस्टिक, कृत्रिम धागे आले. ते कापूस-लाकडापेक्षा फार वेगाने उष्णता सोडतात. दीड इंची होजचे पाणी कमी पडू लागले, आणि अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पावणेदोन इंची होजने तिची जागा घेतली. पाव इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण पाचव्या घाताच्या हिशेबाने तेवढ्या व्यासवाढीने घर्षण निम्म्याहून खाली येते.

दप्तरखाना

लहान होजवर भिस्त ठेवण्याचा धोका दाखवणारी एक घटना इथे नोंदवायलाच हवी. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या २२ व्या मजल्यावर आग लागली. इमारतीतल्या उभ्या पाइपांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह होते आणि त्यांची जुळणी चुकीची झाली होती, त्यामुळे बाहेर येणारा दाब फार कमी होता. दलाने आणलेल्या पावणेदोन इंची होजच्या फवारा-नोझलला सुमारे १०० पौंड, म्हणजे जवळपास ७ बार दाब लागत होता. एवढा दाब मिळालाच नाही. तीन फायरमन त्या इमारतीत मरण पावले. आग वरवर चढत गेली आणि अखेर ३० व्या मजल्यावर थांबली, कारण त्या मजल्यावर स्प्रिंकलर, म्हणजे आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी सोडणारे छतातले फवारे, होते. तेव्हाचे नियम अडीच इंची होज आणि कमी दाबावर चालणारे सरळ धारेचे नोझल गृहीत धरून लिहिलेले होते. प्रत्यक्षात दलांची होज बदलली होती आणि इमारतीतला दाब जुन्या गृहीतकाप्रमाणेच राहिला होता.

निवृत्त_फायरमन

दप्तरखाना यांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक पंप-ऑपरेटरला सांगायला हवी. कोणती होज चांगली, हा प्रश्न एकटा विचारायचाच नसतो. टाकीत पाणी किती, पंपाचा दाब किती, हातात माणसे किती आणि जळते आहे काय, हे आधी विचारायचे.

आपल्या टॉवेलच्या आगीविषयी सांगतो. टॉवेलच्या पृष्ठभागावरचे उभे धागे आणि छताच्या कैच्यांवर साचलेली फज्जी यांवरून ज्वाळा क्षणार्धात शेडभर पसरतात. तिथे लगेच फवारा मिळाला तर उपयोग होतो. पण गठ्ठे आणि गाठी पेटल्या की आग आत शिरते आणि वरून विझल्यासारखी दिसूनही तासन्‌तास धुमसत राहते. तिथे फवारा आत पोचत नाही, जाड धार लागते आणि गाठी ओढून, फोडून भिजवाव्या लागतात. भिजलेल्या गाठी प्रचंड जड होतात, म्हणून पोटमाळ्यावर माल रचलेला असेल तर खाली उभे राहू नये.

आता पाण्याचा हिशेब. ६३ च्या लाइनवर २० चे नोझल आणि ५ बार दाब असेल तर मिनिटाला सुमारे ६०० लिटर पाणी जाते. साडेचार हजार लिटरचा बंब साडेसात मिनिटांत रिकामा होतो. ३८ च्या लाइनवर १२ चे नोझल लावले तर त्याच दाबावर २१५ लिटरच्या आसपास जाते आणि मागचा रेटाही बारा किलोच्या आत राहतो. रस्त्यावरच्या नळाला पाणी असेलच असे आपल्या शहरात धरून चालता येत नाही, म्हणून पहिली दहा मिनिटे तुमच्या कारखान्याच्या टाकीवरच काढायची आहेत. दहा हजार लिटरची टाकी असेल तर ६३ ची एक लाइन सुमारे सतरा मिनिटे चालेल, ३८ ची पाऊण तास. लहान लाइनने टाकी टिकते, पण पेटलेल्या गाठींच्या ढिगावर ती कमी पडते. दोन्ही बाजू लक्षात ठेवा.

पूर्वभागकर (धागाकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर मालकांपुढे मी पुढील प्रस्ताव ठेवतो आहे, तो कोठे चुकत असल्यास सांगावे. ६३ चे सर्व लँडिंग व्हॉल्व्ह आणि होज जशाच्या तशा राहतील आणि त्या चालवण्यासाठी प्रत्येक पाळीत जोडीने सराव केलेली माणसे ठरवली जातील. प्रत्येक दारापाशी होज रील असेल. विणकाम विभागात दोन ठिकाणी ३८ ची होज आणि धार-फवारा असे दोन्ही देणारे नोझल ठेवू. आगीसाठीची टाकी पिण्याच्या व धुलाईच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी करू, कारण सध्या पाण्याची पाळी लांबली की दोन्हीकडून तीच टाकी उपसली जाते.

निवृत्त_फायरमन

प्रस्ताव योग्य आहे. त्यात चार गोष्टी घाला. ३८ ची होज ६३ च्या कपलिंगमध्येच बांधून घ्या, किंवा ६३ ते ३८ चा अडॅप्टर साखळीने व्हॉल्व्हलाच अडकवून ठेवा. सुटा अडॅप्टर ऐन वेळी सापडत नाही. गेटजवळच्या बंब-जोडणीच्या, म्हणजे बंबाचे पाणी कारखान्याच्या पाइपांत सोडायच्या, तोंडावरची टोपणे काढून आतले वॉशर पाहा, ते वाळून तडकलेले असतात. होजची घडी वर्षानुवर्षे त्याच रेषेवर ठेवली तर तिथेच अस्तर फाटते, म्हणून दर तपासणीला घडी बदला. आणि जानेवारी-जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म ‘ब’, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, घेताना कागदावर सही होण्याआधी सर्वांत दूरच्या व्हॉल्व्हला होज जोडून, ब्रांचवर दाबमापक लावून प्रत्यक्ष पाणी सोडायला सांगा.

अक्कलकोटरोड_सेफ्टी

दाबमापकाचा मुद्दा सर्वांत आधी करा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दूरच्या टोकाला किमान ३.५ बार दाब अपेक्षित आहे. नवे ३८ चे नोझल विकत घेण्यापूर्वी त्याला किती दाब लागतो हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि आपल्या मापकाच्या आकड्याशी ताडून पाहा. आमच्याकडे येत्या आठवड्यात ही चाचणी आहे. पूर्वभागकर, आपण आपला पंप-ऑपरेटर घेऊन आलात तर तोही पाहील.